‘आर्मा’ला पब्जीच्या पंगतीत बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेमवरून चांगलीच जुंपली आहे. एका बाजूला ‘पोट्टे वाया गेले’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘उलट पोलीस-सैन्य भरतीची तयारी होते’ म्हणणारे. दोन्ही बाजूंनी मोबाइलवरचा पब्जी-बीजीएमआय (बीजीएमआय म्हणजे पब्जीचाच भारतासाठीचा अवतार) आणि संगणकावरचे आर्मा, स्क्वॉड असे युद्धगेम एकाच पंगतीत बसवले आहेत. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये हटवला गेला, मे २०२३ मध्ये परतला. या येण्याजाण्याशी आर्माचा काडीचा संबंध नाही. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदाही पैसे लावून खेळायच्या गेमवर रोख धरून आहे. एकदा विकत घेऊन घरी खेळायचा गेम त्या बंदीत बसत नाही. तेव्हा वाद घालायचाच तर तो वस्तू ओळखून घालावा, म्हणून हे पत्र.

आर्मा ३ हा चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरअॅक्टिव्ह कंपनीचा गेम, सप्टेंबर २०१३ चा. त्याचा पूर्वज ऑपरेशन फ्लॅशपॉइंट २००१ मधला. याच घराण्यातून व्हीबीएस नावाचे प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर निघाले आणि अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या सैन्यांनी ते वापरले. ‘हा तर मिलिटरीचाच गेम’ ही हूल तिथून उठते. स्क्वॉड हा कॅनडातला, पूर्ण स्वरूपात सप्टेंबर २०२० मध्ये आलेला. त्यात ५० विरुद्ध ५० आणि नऊ-नऊ जणांच्या तुकड्या असतात. इथे मुख्यतः आर्मा ३ विषयी लिहितो, कारण त्यातल्या त्यात जुन्या संगणकावर, नेट नसतानाही खेळता येणारा तोच.

मोबाइलवरून आलेला पोरगा पहिल्या पाच मिनिटांत का मरतो ते आधी सांगतो. तो पळतो. आर्मात पळाले की दम लागतो, दम लागला की बंदुकीची नळी डोलते, आणि अंगावर ओझे जितके जास्त तितका दम लवकर. दहा-बारा मॅगझिन, रॉकेट लाँचर आणि भरलेली पाठपिशवी घेऊन दोनशे मीटर धावलेल्या माणसाची गोळी शंभर मीटरवरच्या झाडालाही लागत नाही. सहा ते आठ मॅगझिन पुरतात. दुसरे म्हणजे तो उडी शोधतो. आर्मा ३ मध्ये उडी नाही, व्ही दाबून आडवा आलेला बांध ओलांडता येतो, बस. तिसरे, तो मेल्यावर लगेच परत येईल असे धरून चालतो. नीट मांडलेल्या मोहिमेत एकदा मेलेला माणूस उरलेला दीड तास बाकीच्यांचा खेळ बघत बसतो. ही शिक्षा कडक वाटते, पण सगळा खेळ हळू चालतो तो तिच्यामुळेच.

नेमबाजीचे म्हणाल तर ५.५६ मिमीची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते आणि हवेत मंदावत जाते. तीनशे मीटर गाठायला तिला साधारण ०.४ सेकंद लागतात. आडवा पळणारा माणूस तेवढ्यात दोन मीटर पुढे गेलेला असतो. त्याच्या छातीवर नेम धरला तर गोळी त्याच्या पाठीमागून जाते. नेम दोन मीटर पुढे. अंतराचेही तसेच. साइट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) ३०० मीटरवर लावली असेल तर २०० मीटरवर गोळी काही इंच वर लागते आणि ५०० मीटरवर मीटरभर खाली पडते. म्हणून आधी अंतर ठरवायचे, मग पेज-अप, पेज-डाउनने साइट लावायची, पालथे पडून सी दाबून बंदूक टेकवायची, उजवे बटन दाबून श्वास रोखायचा आणि एकच गोळी सोडायची. मूळ गेममध्ये वाऱ्याने गोळी सरकत नाही. एसीई हा मोफत मॉड (गेमला वरून जोडायची भर) घालून त्यातले वाऱ्याचे गणित सुरू ठेवले की सरकते. नवख्याने सुरुवातीला ते बंदच ठेवावे.

अंतर कसे ठरवायचे? दुर्बिणीतल्या मिलच्या (कोनाच्या बारीक मापाच्या) खुणांनी. माणसाची उंची १.८ मीटर धरायची, तिला १००० ने गुणायचे आणि तो जितके मिल भरतो त्याने भागायचे. सहा मिल भरला तर ३०० मीटर, तीन भरला तर ६००. माणूस गवतात कमरेपर्यंत बुडालेला असेल तर तो अर्धाच दिसतो, आकडा दुप्पट येतो, गोळी डोक्यावरून जाते. नवखे इथे हमखास फसतात. पोर बरे गणित करते आणि उंचीच चुकीची धरते.

पण खरे सांगायचे तर गोळी झाडणे हा या खेळातला सगळ्यात छोटा भाग आहे. दोन तासांच्या मोहिमेत ट्रिगर दाबायची वेळ पाच-दहा मिनिटे येते. बाकी वेळ नकाशा, चालणे आणि बोलणे. आर्मा ३ चे मुख्य बेट अल्टिस हे ग्रीसच्या लिमनोस बेटावर बेतलेले, सुमारे २७० चौरस किलोमीटर जमिनीचे. एम दाबला की समोर नकाशा येतो, त्यावर समोच्च रेषा आणि चौकटी असतात. सहा आकडी ग्रिडमधले पहिले तीन आकडे आडवे वाचायचे, नंतरचे तीन उभे. त्यातून शंभर मीटरची एक चौकट मिळते. चार आकडी दिले तर किलोमीटरची चौकट होते, एवढ्यात गाव बसते. उभे आधी आणि आडवे नंतर वाचले की तोफगोळे भलत्याच टेकडीवर पडतात, कधी आपल्याच पोरांवर.

समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, दूर गेल्या की उतार मऊ. इंग्रजी व्ही सारखे टोक चढाकडे वळले की तो नाला, उताराकडे वळले की ती सोंड. एवढे कळले की टेकडीच्या माथ्यावरून चालायचे नाही हे आपोआप कळते. माथ्यावरचा माणूस आकाशासमोर काळा ठिपका होऊन किलोमीटरवरून दिसतो. माथ्याच्या थोडे खालून, शत्रूच्या उलट अंगाने जायचे. मोकळे शिवार आडवे कापायचे नाही, धुऱ्याच्या कडेने जायचे, आणि नाला लागला तर नाल्यातून. पऱ्हाटीसारखे पीक आड दिसते पण गोळी अडवत नाही. मातीचा धुरा अडवतो. दोघांमधले अंतर पाच-दहा मीटर ठेवायचे, नाहीतर एका हातबॉम्बात चौघे जातात. चौघांपैकी दोघे टेकून पाहतात, दोघे पुढे सरकतात, मग अदलाबदल. चौघे एकदम हलले की पाहणारे कोणीच उरत नाही.

बोलण्याबद्दल. कॅप्स लॉक दाबून बोलायचे, पण आधी चॅनेल तपासायचे, नाहीतर तुमची कुजबुज साऱ्या सर्व्हरला ऐकू जाते. ‘अबे तिकडे आहे, झाडाजवळ’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक तुकडीत ऐकू येते आणि त्याने कोणाचेही भले होत नाही. कुणाला, कुणाकडून, कुठे, किती, काय करताहेत, एवढेच आणि याच क्रमाने: ‘दोन, मी एक. दिशा शून्य-चार-पाच, अंतर तीनशे, पाच माणसे पायी, उत्तरेकडे.’ दिशा के दाबून होकायंत्रावरून वाचायची. आकडे सुटे सुटे सांगायचे, कारण गोळीबारात त्रेपन्न आणि त्रेसष्टमधला फरक कळत नाही. उलट बाजूने ‘समजले’ येईपर्यंत तो निरोप पोचलाच नाही असे धरायचे. सगळे एकदम बोलू लागले की पुढाऱ्याने ‘लाइन मोकळी’ म्हणावे आणि तीन सेकंद सगळ्यांनी गप्प राहावे.

आता हे वाचन गेमपुरतेच राहायचे कारण नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची पत्रके त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. जुन्या क्रमांकांनुसार विदर्भाचा मोठा भाग ५५ च्या मालिकेत येतो. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पोरांना आपल्या गावाचे पत्रक द्या आणि पांदण, नाला, पाझर तलाव त्यावर शोधायला लावा. भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा म्हटले की जांभई देणारेही यात रमतात.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी आर्मा ३ टूल्स मोफत आहेत आणि त्यातल्या टेरेन बिल्डरमध्ये स्वतःचा मुलूख उभा करता येतो. २०४८ बाय २०४८ ठिपक्यांचा उंचीनकाशा, दोन ठिपक्यांत ५ मीटर अंतर, म्हणजे १०.२४ किलोमीटर बाजूचा चौरस. उंचीसाठी मोफत मिळणारी एसआरटीएमची (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीची) माहिती वापरतात, तिच्यात ठिपके ३० मीटरवर असतात. त्यामुळे पुसदकडचे डोंगर किंवा मेळघाट झकास उठतात, पण धुरे मुळीच दिसत नाहीत. हातभर-कमरेएवढा बांध तीस मीटरच्या जाळीत सापडणार कसा? ते वेगळे ऑब्जेक्ट म्हणून मांडावे लागतात. वर्धा नदीच्या काठची सपाट काळी जमीन घेतलीत तर धुरे मांडल्याशिवाय लपायला जागाच राहत नाही. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायची आहे. पुलगावचे दारूगोळा भांडार, भंडारा, चांदा, अंबाझरीच्या आयुध निर्माणी, कामठीची छावणी यांच्या आसपास गेमसाठी फोटो काढत फिरू नका. सप्टेंबर २०१२ मध्ये याच कंपनीचे दोन कर्मचारी लिमनोसवर लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या आरोपाखाली पकडले गेले आणि जामीन मिळेपर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ ग्रीसच्या तुरुंगात होते.

जखमांचा भाग एसीई मॉडमध्ये कडक आहे. शरीरात सहा लिटर रक्त धरलेले असते. हातापायातून रक्त वाहत असेल तर आधी टुर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), मग पट्टी, मग टुर्निकेट सोडायचे. टुर्निकेट आवळलेल्या हातात मॉर्फिन टोचले तर ते सोडेपर्यंत लागू होत नाही. पोरांना वाटते औषध कमी पडले, म्हणून दुसरे, तिसरे टोचतात, मग टुर्निकेट सोडताच तिन्ही एकदम चढतात आणि नाडी बंद पडते. २०१७ मध्ये आर्मा ३ ला जोडायचा लॉज ऑफ वॉर नावाचा भाग आला, त्यात सुरुंग काढणारी मदतसंस्था आणि युद्धाचे नियम हाच विषय आहे. त्याच्या कमाईतला वाटा आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीला दिला गेला. ‘गेममध्ये फक्त मारामारी’ म्हणणाऱ्यांनी तेवढा एक भाग पाहावा.

आता गावात हे चालवायचे कसे? इथे महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊन फसलेले पुष्कळ आहेत. आर्मा ३ चे इंजिन मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोअरवर भार टाकते. कार्ड भारी आणि प्रोसेसर जुना असेल तर खेळ अडखळतच राहणार. आधी व्ह्यू डिस्टन्स (किती दूरपर्यंतचे चित्र काढायचे ते) १६०० ते २००० मीटर, ऑब्जेक्ट्सचे अंतर १०००-१२०० आणि मोहिमेतले संगणकी सैनिक साठ-सत्तरच्या आत ठेवा. साध्या हार्ड डिस्कवर गावाजवळ जाताच चित्र गोठते, कारण घरेदारे वेळेत वाचली जात नाहीत. छोटा एसएसडी बसवला की हा त्रास जातो. रॅम मॉडसह १६ जीबी लागते.

डाउनलोड हे दुसरे दुखणे. गेम तीस जीबीच्या पुढे, आणि रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा. तालुक्याला ज्याच्याकडे फायबर आहे तिथे स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर) गेम उतरवून ‘बॅकअप गेम फाइल्स’ने बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि घरी रिस्टोअर करावा. स्वतःच्या खात्यात गेम विकत घेतलेला असला पाहिजे, नाहीतर उघडणार नाही. किंमत सेलमध्ये बरीच उतरते, घाई करू नये. नंतर स्टीम ऑफलाइन मोडवर टाकून मोहिमा आणि ईडन एडिटर (स्वतःची मोहीम मांडायचे साधन) बिननेटचे चालतात. नेटवर खेळताना डेटा फार लागत नाही, लागतो तो स्थिर पिंग (सर्व्हरला निरोप जाऊन यायचा वेळ, मिलिसेकंदांत). संध्याकाळी सात ते दहा टॉवरवर गर्दी असते, तेव्हा डेटाची मधली पाकिटे गळतात आणि समोरचा माणूस जागेवरून उड्या मारताना दिसतो. पिंग दोनशेच्या आत आणि स्थिर असेल तर या संथ खेळात भागते. पन्नास आणि चारशेच्या मध्ये झोके घेत असेल तर नाद सोडा.

तिसरे म्हणजे लाइन. रब्बीत थ्री फेज आली की वावरातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि जिथे गावठाणाचा फीडर वेगळा नाही तिथे घरातला विजेचा दाब १७० व्होल्टपर्यंत उतरतो. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशी कळ असते. नॉर्मलवर लाइन गेली की बदल सावकाश होतो, पंखा चालू राहतो पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएसवर बदल क्षणात होतो, पण ही कळ साधारण १८० व्होल्टच्या खालची लाइन स्वीकारतच नाही. म्हणजे लाइन असूनही घर बॅटरीवर चालते, बॅटरी चार्ज होत नाही, आणि खऱ्या भारनियमनाच्या वेळी ती रिकामी सापडते. लोक मग बॅटरीवाल्याला शिव्या देतात. उपाय दोन. इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावा, किंवा इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवून फक्त संगणकाला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस द्या. दुसऱ्या उपायाला इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर छोटा यूपीएस सारखा टिकटिक करत बॅटरीवर जातो. १५० एएचची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. तोटा आणि वय धरता हाती हजार-अकराशे येतात. संगणक आणि मॉनिटर मिळून २५० वॉट, म्हणजे चार तास, पंखा-दिवा धरला तर तीन.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. फ्रेम (सेकंदाला उमटणारी चित्रे) ४०-४५ वर बांधा. लॅपटॉप असेल तर पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा, म्हणजे टर्बो बंद होऊन तापमान उतरते. कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, ओलावा आणि क्षार आत बसतात. कापूस घरात साठवणाऱ्यांनी हीटसिंकवरची रुई महिन्याला काढावी. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग करून घ्या, गेम नंतर.

भरतीबद्दल एकाच परिच्छेदात आटोपतो, कारण फार सांगण्यासारखे नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना मैदानाचे ५० गुण आहेत: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. अग्निवीर जनरल ड्यूटीला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावले तर ६० पैकी ६०. यातले काहीही माऊसने होत नाही. खरी रायफल खांद्याला धक्का देते, उन्हात हात घामेजतो, ट्रिगर हळू दाबावा लागतो, आणि गेममध्ये यातले काहीही नाही. ‘तयारी’ म्हणून रात्री दोनपर्यंत खेळणारा पहाटे पाचला मैदानावर दिसत नाही, एवढे त्या तयारीचे मोल. आठवड्याला दोन मोहिमा पुरे. पंधरा-सोळाच्या आतल्या पोरांना हा गेम देऊ नये. आणि हेडफोन लावूनच खेळा. गोळी कुठून आली ते हेडफोनशिवाय कळत नाही, शिवाय गडचिरोली-गोंदियाकडच्या गावात रात्री स्पीकरवर गोळीबार वाजवणे शहाणपणाचे नाही.

शेवटी आपल्या दैनिकाशी थेट संबंध असलेली गोष्ट. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत आर्मा ३ मधली दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून दोन्हीकडे फिरली, आपल्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आली. पुन्हा तसे दिवस आले तर पुन्हा येतील. हा गेम खेळणाऱ्याला ती पाच सेकंदांत ओळखू येतात. सगळ्यात जास्त फिरते ते रात्रीच्या आकाशात विमानावर लाल ठिणग्यांची धार सोडणाऱ्या तोफेचे चित्र. ती २०१७ च्या जेट्स भागातली प्रेटोरियन तोफ. कंपनीने स्वतः नोव्हेंबर २०२२ मध्ये ओळखीच्या खुणा दिल्या होत्या: चित्र मुद्दाम धूसर, कॅमेरा हलता, बहुधा रात्र, आवाज काढून टाकलेला, माणसे जवळजवळ नाहीतच, धूर आणि धूळ अनैसर्गिक, कोपऱ्यात कधी गेमचे आकडे राहून गेलेले. त्यात आमची एक भर. मारलेल्या विमानाचे तुकडे बघा. खऱ्या विमानाच्या चिंध्या होतात, गेममधले बहुतेक वेळा अख्खेच्या अख्खे, काळे पडून खाली येते.

आपल्या तालुका वार्ताहरांकडे असा व्हिडिओ आला तर छापण्याआधी गावातल्या एखाद्या खेळणाऱ्या पोट्ट्याला दाखवावा, ही विनंती.

आपले,
दारव्हा-दिग्रस भागातील काही वाचक, जि. यवतमाळ